उजळणी मोलपासून

डिसेंबर संपता संपता बारावीचा पोर्शन संपतो आणि वर्गाचा सूर बदलतो. राज्य मंडळाच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात १६ धडे आहेत, सॉलिड स्टेटपासून ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीपर्यंत. लेखी पेपर ७० गुणांचा, प्रात्यक्षिक ३० गुणांचं. मुलं वहीच्या मागच्या पानावर १६ धड्यांची यादी करतात, एकेकापुढे खूण करत जातात आणि ‘मॅडम, इम्पॉर्टन्ट काढून द्या’ म्हणून मागे लागतात. तालुक्याच्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात मी हा विषय शिकवते. उजळणीच्या पहिल्या तासाला मी इम्पॉर्टन्ट देत नाही आणि पुस्तकही उघडू देत नाही. फळ्यावर एकच गणित लिहिते.

कॉपर सल्फेटच्या द्रावणातून २ अँपिअर विद्युतधारा १६ मिनिटं ५ सेकंद वाहिली, तर कॅथोडवर किती तांबं जमा होईल?

गणित बोर्डाच्या पातळीचंच आहे, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या धड्यातलं. आकडेही मुद्दाम सोपे ठेवलेले असतात. मग मी बाकांमधून फिरते. कुणी १६ मिनिटं ५ सेकंदांचं १६.०५ करून टाकलेलं असतं. पण बहुतेकांना सेकंदांत बदल करायचं लक्षात असतं. ९६५ सेकंद गुणिले २, म्हणजे १९३० कूलोम. ९६५०० ने भागायचं हेही पाठ असतं, कारण फॅरेडेचा आकडा कुणी विसरत नाही. उत्तर येतं ०.०२. इथपर्यंत वर्ग झरझर येतो. मग अर्ध्याहून जास्त वह्यांत ०.०२ गुणिले ६३.५, बरोबर १.२७ ग्रॅम असं लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या दिसतात.

बरोबर उत्तर ०.६३५ ग्रॅम आहे, म्हणजे नेमकं निम्मं.

मी त्या ०.०२ वर बोट ठेवून विचारते, ‘हे काय आहे?’

‘उत्तर आलं ना मॅडम.’

‘कशाचं?’

‘मोल.’

‘कशाचे मोल?’

इथे वर्ग गप्प होतो. ते इलेक्ट्रॉनचे मोल आहेत. तांब्याच्या एका आयनाला तांबं व्हायला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ०.०२ मोल इलेक्ट्रॉनांमधून ०.०१ मोल तांबं मिळतं. फॅरेडेचा नियम मुलांना तोंडपाठ असतो, विचारला तर शब्दही न चुकता सांगतील. पाय घसरतो तो त्याच्या खाली, अकरावीच्या पहिल्या धड्यात. इतक्या बॅचेस पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की बारावीच्या गणितांत जाणाऱ्या गुणांपैकी फार थोडे बारावीच्या धड्यांमुळे जातात. बाकीचे मोल, एकक आणि लॉग या तीन जागी जातात. म्हणून उजळणी बारावीच्या पहिल्या धड्यापासून सुरू न करता मोलपासून करायची.

मोल कच्चा राहतो याचं कारण मुलांच्या बुद्धीत नाही. मोल त्यांना पहिल्यांदा भेटतो नववीत, ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात, मराठीतून. मग दहावीचं वर्ष मधे जातं. अकरावीला पहिल्याच धड्यात तो पुन्हा येतो, तेव्हा सगळं इंग्रजीतून असतं आणि प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात. तो धडा शिकवताना माझ्यासमोर निम्माच वर्ग असतो. उरलेली मुलं कॉलेज बदलत किंवा यादीची वाट बघत असतात. ती येऊन बसतात तेव्हा आम्ही अणुरचनेत पोहोचलेलो असतो. त्यात अकरावीचे गुण पुढे कुठे धरले जात नाहीत, हे घरोघरी माहीत आहे, त्यामुळे ते वर्ष दहावीच्या थकव्यावर विश्रांती म्हणून दिलं जातं. सीईटीला अकरावीवरचे प्रश्न येतात, जेईई आणि नीटला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, हे मुलांना उशिरा कळतं.

दुसऱ्या तासाला आम्ही प्रयोगशाळेत जातो. तराजूवर ६३.५ ग्रॅम तांब्याचं कात्रण तोलायचं, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर, आणि मेजरिंग सिलिंडरमध्ये १८ मिलिलीटर पाणी घ्यायचं. चारही भांडी शेजारी शेजारी ठेवायची. पाणी एका घोटाइतकं, साखर वाडगाभर. एकेका मुलाने ती हातात घेऊन बघायची. पदार्थ चार, वजनं चार, पण प्रत्येकात एक मोल. ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो कशाला लागतो हे ते १८ मिलिलीटर पाणी हातात धरल्यावर पटतं. इथे मी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. पूर्वी मोलची व्याख्या कार्बन-१२ च्या १२ ग्रॅमवर बेतलेली होती. २० मे २०१९ पासून ती आकड्यावरच बेतली आहे: नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात इतके कण म्हणजे एक मोल. व्याख्येतच कण मोजायचे आहेत, त्यामुळे ‘कशाचे मोल’ हा प्रश्न टाळताच येत नाही.

लगेच पुढचा प्रश्न. मिठाचा तो एक मोल पाण्यात टाकला तर द्रावणात कण किती मोल? पुढच्या बाकावरची मुलगी चटकन म्हणते, ‘दोन.’ सोडियमचे एक मोल आयन, क्लोराइडचे एक मोल आयन. आणि साखरेचा टाकला तर? एकच, कारण साखरेचे रेणू तुटत नाहीत. झालं, सोल्युशन्सच्या धड्यातला व्हॅन्ट हॉफ फॅक्टर यातच आला. गोठणबिंदू किती उतरेल, उत्कलनबिंदू किती चढेल, ऑस्मॉटिक दाब किती येईल, हे सगळं कणांच्या संख्येवर ठरतं, कण कोणते यावर नाही. ज्याला ही एवढी गोष्ट कळली त्याला त्या धड्यातली चार सूत्रं वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत.

थर्मोडायनॅमिक्सला मी फार वेळ देत नाही. तिथे एकच दुखणं आहे: एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये दिलेली, एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये, आणि मुलं दोन्ही तशीच वजा करतात. उत्तर कुठल्या कुठे जातं. प्रत्येक आकड्याखाली एकक लिहायची सवय लावली की हे दुखणं आठवड्याभरात जातं. सोळाव्या, सतराव्या, अठराव्या गटातली मूलद्रव्यं, पॉलिमर, बायोमॉलिक्यूल्स हे धडे पाठांतराचे आहेत. तिथे वाचायचं, लिहून बघायचं, पुन्हा वाचायचं. दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

खरा वेळ लॉगला द्यावा लागतो. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. क्लासमध्ये आणि घरी मुलं मोबाइलवर आकडेमोड करतात, त्यामुळे सराव परीक्षेला ते टेबल पहिल्यांदा गंभीरपणे उघडलं जातं. मी आयनिक इक्विलिब्रियमचं एक नेहमीचं गणित घेते: अॅसेटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणाचा पीएच काढा. हायड्रोजन आयनांची संहती निघते ०.००१३४२. आता लॉग. तेरा नंबरची ओळ, चारच्या खाली १२७१, मीन डिफरन्समध्ये दोनच्या खाली ६, बेरीज १२७७. दशांशचिन्हानंतर दोन शून्यं, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक तीन बार. लिहायचं ३ वर आडवी रेघ आणि पुढे .१२७७.

पुढे काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पीएच म्हणजे उणे लॉग. मुलगा त्या बारला साधं उणे चिन्ह समजतो, उणे-उणे अधिक करतो आणि लिहितो ३.१२७७. पण बार फक्त तीनवर आहे, .१२७७ अधिकच आहे. उणे तीन अधिक .१२७७ म्हणजे उणे २.८७२३, म्हणून पीएच २.८७ च्या आसपास. बारचा नियम फळ्यावर दहा वेळा लिहिला तरी ही चूक जात नाही. मी नियम बाजूला ठेवते आणि विचारते, ‘संहती ०.००१ असती तर पीएच किती?’ सगळे म्हणतात, ‘तीन.’ ‘आपली संहती त्यापेक्षा जास्त की कमी?’ ‘जास्त.’ ‘मग आम्लता?’ ‘जास्त.’ ‘मग पीएच?’ ‘तीनपेक्षा कमी.’ एवढं बोलून झालं की ३.१२७७ लिहिणारा मुलगा न सांगता स्वतःचं उत्तर खोडतो. उत्तर काढण्याआधी ते साधारण किती यायला हवं याचा अंदाज बांधणं, ही माझ्या मते रसायनशास्त्राच्या उजळणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि अपेक्षित प्रश्नसंचांमध्ये तिला जागाच नसते. केमिकल कायनेटिक्समध्येही तेच. फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया ७५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल, असा प्रश्न आला की मुलं थेट २.३०३ चं सूत्र मांडतात. पहिल्या अर्धायुष्यात निम्मं संपलं, दुसऱ्यात उरलेल्याचं निम्मं, म्हणजे ७५ टक्क्यांना दोन अर्धायुष्यं. लॉग टेबल उघडण्याआधी उत्तर हातात असतं. सूत्राने ते फक्त ताडून बघायचं.

ऑरगॅनिकची भीती वेगळी. तिथे नावांची रांग लागलेली असते: सॅन्डमायर, वुर्ट्झ, विल्यमसन, राइमर-टीमन, कॅनिझारो, हॉफमन. मुलं ही नावं अभिक्रियांसकट रंगीत पेनांनी लिहून भिंतीला चिकटवतात. चिकटवावीत, त्याला माझी हरकत नाही. पण आल्डॉल आणि कॅनिझारो या दोघांची अदलाबदल दर वर्षी होते, आणि ती भिंतीवरच्या कागदाने थांबत नाही. प्रश्न विचारायचा एकच: अल्फा हायड्रोजन आहे का? अॅसिटाल्डिहाइडला आहे, म्हणून सौम्य अल्कलीत आल्डॉल. बेन्झाल्डिहाइडला नाही, म्हणून तीव्र अल्कलीत कॅनिझारो. दोन रेणूंपैकी एकाचं ऑक्सिडेशन होऊन बेन्झोइक आम्लाचा क्षार, दुसऱ्याचं रिडक्शन होऊन बेन्झाइल अल्कोहोल. म्हणजे हीसुद्धा अकरावीतली रेडॉक्सच.

या कॅनिझारोबद्दल मी दर वर्षी दहा मिनिटं बोलते, पोर्शनमध्ये नसलं तरी. स्टॅनिस्लाओ कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ही अभिक्रिया १८५३ मध्ये शोधली. त्या काळात अणुवस्तुमानांचा नुसता गोंधळ होता. काही जण ऑक्सिजनचं वस्तुमान ८ धरत, काही १६, आणि पाण्याचं सूत्रसुद्धा सगळ्यांचं एक नव्हतं. समान तापमानाला आणि दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे अॅव्होगाड्रोने १८११ मध्येच मांडलं होतं, पण ते मागे पडलं आणि १८५६ मध्ये तो वारला. कॅनिझारोने १८५८ मध्ये एक पुस्तिका लिहून अॅव्होगाड्रोच्या आधारे अणुवस्तुमानं कशी ठरवायची ते नीट मांडलं. १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे ती पुस्तिका वाटली गेली. तरुण मेंडेलीव्ह त्या परिषदेला हजर होता. पुढे १८६९ मध्ये त्याची आवर्तसारणी आली. बाराव्या धड्याच्या नोटमध्ये ज्याचं नाव पाठ करतो, त्याच माणसामुळे आपल्याला ६३.५ आणि ५८.५ हे आकडे आज विश्वासाने वापरता येतात, हे ऐकताना मागच्या बाकांवरची मुलंही मान वर करून ऐकतात.

फेब्रुवारीच्या तोंडावर प्रात्यक्षिकं येतात. टायट्रेशनला पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये, ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाचे १० मिलिलीटर कॉनिकल फ्लास्कमध्ये, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, आणि मग ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं. परमँगनेट गडद असल्याने रीडिंग मेनिस्कसच्या वरच्या कडेचं घ्यायचं. नळी उघडण्याआधी मी सगळ्यांना आकडा काढायला लावते. १० मिलिलीटरमध्ये ऑक्झॅलिक आम्लाचे ०.०००५ मोल. पाच मोल ऑक्झॅलिकला दोन मोल परमँगनेट, म्हणजे परमँगनेटचे ०.०००२ मोल. द्रावण ०.०२ मोलर असेल तर रीडिंग १० मिलिलीटरच्या जवळ यायला हवं. हा आकडा जर्नलमध्ये पेनाने लिहायचा आणि मगच ब्युरेटला हात लावायचा.

पहिले थेंब पडतात तेव्हा जांभळा रंग लवकर जात नाही. मुलं घाबरून एकमेकांच्या फ्लास्ककडे बघतात. थोडं हलवलं की रंग नाहीसा होतो आणि पुढचे थेंब पडता पडता विरतात, कारण अभिक्रियेत तयार झालेले मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात. कायनेटिक्सच्या धड्यातला उत्प्रेरक इथे डोळ्यांसमोर असतो. आम्ल कमी पडलं तर द्रावण तपकिरी गढूळ होतं. मग ते ओतून देऊन पुन्हा सुरुवात करायची. फिकट गुलाबी रंग टिकला की नळी बंद. ‘मॅडम, नऊ पॉइंट नऊ!’ असा आवाज कुठल्या तरी टेबलावरून येतो. कागदावर काढलेला आकडा काचेच्या नळीवर दिसला, की त्या मुलाला मोल पुन्हा शिकवावा लागत नाही.

यासाठी वेगळे क्लास लागत नाहीत, महागड्या नोट्सही लागत नाहीत. पोर्शन संपल्यावरचा पहिला आठवडा लागतो, आणि तो आठवडा शिक्षकांनी, पालकांनी आणि मुलांनी मागे जायला दिला पाहिजे. ज्यांच्या घरी यंदा किंवा पुढच्या वर्षी बारावी आहे त्यांना एवढीच विनंती, की अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक रद्दीत घालू नका. जानेवारीत ते आधी काढा आणि पहिल्या धड्याखालची सगळी गणितं, एकक लिहून, कॅल्क्युलेटरशिवाय सोडवून घ्या.