सडा ओसाड नसतो

मे महिन्यात आमच्याकडच्या एखाद्या सड्यावर उभे राहा. पायाखाली तापलेला कातळ, करपलेले गवत आणि वर रणरणते ऊन. 'इथे आहे काय?' असे कुणीही म्हणेल. मीही तेच म्हणत असे. चंदगड तालुक्यातल्या एका सड्यावरून नवा जोडरस्ता जाणार म्हणून खुंट्या ठोकल्या गेल्या, तेव्हा मी त्या गावी गेलो होतो. "पडीक तर जमीन आहे," असे मी एका वृद्ध गुराख्याशी बोलून गेलो. तो हसला. "मेलाय म्हणताय व्हय सर ह्यो सडा? मिरगाचा पाऊस पडू द्या, मग या."

श्रावणात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो आणि थक्क झालो. सड्यावर जांभ्याचे टणक कवच असते, वर जेमतेम बोटभर माती. पावसाचे पाणी लवकर मुरत नाही. खोलगटांत साचते आणि सडा हिरवीगार पाणथळ होतो. गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा, मधेच चिकट थेंब मिरवणारी दवबिंदूची रोपे! मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू किडे पकडून आपली भूक भागवतात. दिवाळीनंतर पाणी आटते, मागे उरते ते फक्त बी.

बेळगावहून सावंतवाडीला जाताना लागणाऱ्या आंबोलीचेच पाहा. तिथल्या कातळावरच्या छोट्या डबक्यांत अंडी घालणारा एक भेक 2009 मध्ये शास्त्राला नव्याने कळला. आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. 2012 मध्ये जागतिक वारशात गेलेले कासचे पठार पाहायला आपण गाड्या भरून जातो, आणि घराजवळचा सडा मात्र मुरूम टाकून बुजवतो.

रस्त्याचे नुकसान केवळ त्याच्या रुंदीपुरते नसते. सड्यावर पाणी पातळ थराने पसरत जाते. मधे भराव आला की एका बाजूला तुंबते, दुसरी बाजू कोरडी पडते. बाहेरच्या मातीबरोबर तण येते. मोजणी उन्हाळ्यात झाली, तर कागदावर यातले काहीच उमटत नाही.

ग्रामसभेत मी हे सारे सांगितले. तेव्हा एक बाई उठल्या. "पावसात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं झालं तर फुलं बघायची का रस्ता, सर?" मला उत्तर सुचेना. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी तोच गुराखी म्हणाला, "सड्याच्या कडंनं जुनी गाडीवाट हाय की. तिकडनं न्या."

मग त्या बाईंसह सर्वांच्या सह्यांनी अर्ज तयार झाला. रस्ता हवाच, पण गाडीवाटेने. पाण्याच्या वाटेवर पुरेशा मोऱ्या. सड्यावरचा मुरूम उपसू नये. आणि मोजणी एकदा श्रावणात व्हावी. 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत तात्पुरत्या पाण्याच्या जागाही येतात. पण खरे संरक्षण मिळते ते रामसर आणि अधिसूचित पाणथळींना. म्हणून गावची नोंद महत्त्वाची. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत समिती असते, लोकांनी मिळून नोंदवही करायची असते. त्याच कायद्याखाली 2021 मध्ये आंबोलीत हिरण्यकेशीचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ झाला.

आमच्या मुलांनी वही सुरू केली आहे. फुलांची गावठी नावे सांगायला तो गुराखी आणि त्या बाई, दोघेही येतात. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. खुंट्याही जागच्या जागी आहेत. वाचकहो, तुमच्या गावाला सडा असेल, तर यंदा मिरगानंतर एकदा तिथे जाऊन या. मुलांना बरोबर न्या. आणि पाऊल मात्र जपून टाका.