पोक आलेलं पिस्तूल

बोर्खार्टचं पिस्तूल फोटोत पहिल्यांदा पाहिलं की ते कुणीतरी चुकीचं जोडलंय असं वाटतं. पुढे लांबसडक नळी, मूठ जवळजवळ मध्यावर, आणि मुठीच्या मागे भलंमोठं पोक. हे ध्यान 1893 साली बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीने बाजारात आणलं. कंपनीची सुरुवात झाली होती शिवणयंत्रांपासून. एका गोळीनंतर दुसरी आपोआप नळीत भरणारं, खऱ्या अर्थाने विक्रीला उतरलेलं हे पहिलं पिस्तूल.

ते आधी जमलं नाही याचं एक कारण दारूत होतं. काळ्या दारूचा धूर व्हायचा आणि मागे काजळीचा थर उरायचा. सरकणाऱ्या बारीक भागांत ती काजळी बसली की यंत्र अडलंच. 1884 मध्ये पॅरिसला पॉल व्हिएलने बिनधुराची दारू तयार केली. त्याच सुमाराला लंडनमध्ये हायरम मॅक्सिमने मशीनगन बनवली. बार उडाल्यावर बंदूक मागे जो दणका देते, तो त्याने पुढचं काडतूस भरायच्या कामाला लावला.

ह्यूगो बोर्खार्ट मूळचा माग्देबुर्गचा. तरुणपणी अमेरिकेला गेला, तिथे शार्प्स कंपनीसाठी रायफल आखली, विंचेस्टरमध्ये काम केलं, मग बुडापेस्टच्या कारखान्यात. मॅक्सिमच्या मशीनगनमधला गुडघ्यासारखा सांधा त्याने हातात मावेल एवढा केला. गुडघाच म्हणायचं, जर्मन लोकही तेच म्हणतात. शाळेत रांगेत ताठ उभं असताना मागच्या पोराने गुडघ्याच्या लवणीत हलकेच ढोसलं की आपण कसे मटकन खाली बसायचो! सरळ गुडघा अंगाचा सगळा भार पेलतो. जरासा वाकला की संपलं. पिस्तुलातही दोन दांड्या एका रेषेत असेपर्यंत नळीचं मागचं तोंड गच्च बंद. बार उडाला की नळीसकट सगळं थोडं मागे सरकतं, सांधा चौकटीच्या उतारावर आपटून वर उचकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते. मग स्प्रिंग सगळं पुढे ढकलते आणि जाताजाता मुठीतल्या मॅगझीनमधून नवं काडतूस नळीत जातं. ती घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग ठेवायला जागा हवी, म्हणून ते पोक.

8 काडतुसांचं मॅगझीन मुठीत घालायची युक्ती मला गुडघ्याहून मोठी वाटते. रोज हाताळायचं हत्यार म्हणून मात्र पिस्तूल अवजड होतं. सुमारे 3,000 नग निघाले, तेवढेच. स्विस लष्कराने चाचणी घेतली आणि आकार कमी करायला सांगितलं. बोर्खार्टला आपल्या रचनेत खोट दिसत नव्हती, असं सांगतात. काम गेलं ऑस्ट्रियन गेओर्ग लुगरकडे. त्याने स्प्रिंग मुठीत नेली, पोक छाटलं, मूठ तिरपी केली. 1900 मध्ये स्विस लष्कराने हे पिस्तूल घेतलं, 1908 मध्ये जर्मन लष्कराने. नाव लागलं ते लुगरचं.

दरम्यान ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून 1896 चं मॉडेल निघालं. ऑम्डरमनच्या लढाईत तरुण चर्चिलच्या हातात तेच होतं. पण त्याचं मॅगझीन चापाच्या पुढे, म्हणजे ठेंगणी रायफलच जणू.

खरी सुटसुटीत वाट सापडली ती अमेरिकेतल्या युटाच्या जॉन ब्राउनिंगला. त्याने गुडघाबिडघा टाकून दिला. नळीवर एक जाड पोलादी टोपण बसवलं आणि तेच मागेपुढे सरकवलं. काडतूस छोटं असेल तर टोपणाचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर भागतं, वेगळी कडी लागत नाही. बेल्जियममधल्या एर्स्तालच्या एफएन कारखान्याने 1899 पासून हे पिस्तूल बनवायला घेतलं. चपटं, कोटाच्या खिशात जाणारं. आज बहुतेक पिस्तुलांवर सरकतं ते असलंच टोपण.

एवढं लहान हत्यार लपवणं सोपं. 1909 मध्ये लंडनच्या इंडिया हाउसमधून चतुर्भुज अमीन हा स्वयंपाकी पेटीच्या चोरकप्प्यात 20 ब्राउनिंग पिस्तुलं दडवून मुंबईला उतरला. पाठवणारे सावरकर. 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा. अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगच होतं.