एक संगणक, दोन कार्यप्रणाली

एकाच लॅपटॉपवर विंडोज व लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली वसविणे हा केवळ हौसेचा प्रकार नव्हे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या साधनांनी टंकलिखित झालेला मराठी मजकूर आजही पुष्कळ संग्रहांत आहे, आणि तो मूळ रूपात वाचण्यास विंडोजच सोयीचे पडते. उलटपक्षी, विस्तृत शब्दसंग्रहाची छाननी करणाऱ्या अनेक आज्ञावली लिनक्सवर अधिक सुलभपणे चालतात. दोन यंत्रे घेणे प्रत्येक अभ्यासकास परवडत नाही. तथापि त्याच लॅपटॉपवर क्षेत्रीय पाहणीतील ध्वनिमुद्रणेही असतात, आणि ज्या वृद्ध निवेदकाची बोली त्यांत साठविली आहे तो पुन्हा भेटेलच असे नाही. म्हणून ही रचना समजून घेऊनच करणे इष्ट होय.

द्विभाषिक मनुष्य एकाच वाक्यात दोन भाषा मिसळू शकतो. या रचनेत तसे घडत नाही. यंत्र सुरू होताना एका कार्यप्रणालीची निवड करावी लागते आणि यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत तिचाच अंमल चालतो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइटांतच विभागांची नोंद असे व तीत चारच मुख्य विभागांना जागा होती. त्याच जागेतील आरंभीची आज्ञावली नव्या कार्यप्रणालीने पुसली, की जुनी सुरू होईनाशी होई. आजच्या यूईएफआय पद्धतीत यासाठी एक लहानसा स्वतंत्र विभाग असतो. त्यात प्रत्येक कार्यप्रणाली आपली आरंभक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. लिनक्सबरोबर येणारी ग्रब ही आज्ञावली या दोहोंची यादी पडद्यावर दाखविते.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सर्व फाइलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि त्यांतील काही फाइली उघडून प्रत शाबूत असल्याची खात्री करावी. विंडोजवर बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. आरंभाच्या व्यवस्थेत बदल आढळताच यंत्र ती मागू शकते. त्यानंतर विंडोजचा विभाग विंडोजच्याच डिस्क-व्यवस्थापनातून लहान करावा व मोकळी झालेली जागा तशीच ठेवावी. पेनड्राइव्हवरून लिनक्स बसविताना हीच मोकळी जागा निवडावयाची असते. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्यायही तेथेच दिसतो. तो निवडल्यास विंडोज व सर्व फाइली नाहीशा होतात.

विभाग निराळे झाले तरी यंत्र एकच राहते, आणि अडचणी बहुधा या सामाईक भागात उद्भवतात. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय आहे. तिच्यामुळे बंद केलेले विंडोज वस्तुतः अर्धवट निद्रावस्थेत राहते. अशा स्थितीत त्याच्या विभागात लिनक्समधून काही लिहिल्यास फाइली बिघडण्याचा धोका असतो. म्हणून ती सोय बंद करावी. घड्याळाचेही तसेच आहे. यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळ दाखविते असे विंडोज मानते. लिनक्स सामान्यतः ते जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते. परिणामी भारतात विंडोजचे घड्याळ ५ तास ३० मिनिटे मागे पडू शकते आणि नव्या ध्वनिमुद्रणांवर चुकीची वेळ नोंदली जाते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्यास सांगितले म्हणजे हा दोष दूर होतो.

एवढी काळजी घेऊनही ही व्यवस्था कायमची निर्धोक होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षाविषयक सुधारणेनंतर अशा काही संगणकांवरील लिनक्स सुरू होईनासे झाले होते. म्हणून लिनक्सचा पेनड्राइव्ह काम झाल्यावरही जपून ठेवावा. दुसऱ्या कार्यप्रणालीची गरज क्वचितच पडत असेल व यंत्राची स्मृती पुरेशी असेल, तर विंडोजच्या आतच आभासी यंत्र चालविणे अधिक सोपे ठरते.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. दोन कार्यप्रणाली म्हणजे दोन प्रती नव्हेत. डिस्क निकामी झाल्यास दोन्ही विभाग एकदमच जातात. ज्या ध्वनिमुद्रणांसाठी हा खटाटोप करावयाचा, त्यांची दुसरी प्रत या यंत्राबाहेरच असली पाहिजे.