वरातीतल्या पितळेची करामत

इस्लापूरच्या रस्त्याने वरात निघाली, की ढोल-ताशांच्या गदारोळातही ट्रम्पेटचा सूर वेगळा कानावर येतो. एका माणसाच्या फुंकरीत एवढं बळ कुठून येतं? गंमत म्हणजे पितळ स्वतः फारसं काही करत नाही. आवाज घडतो तो आतल्या हवेत. पितळ तिला फक्त आकार देतं.

सुरुवात ओठांपासून होते. माउथपीसवर टेकवलेले ओठ फुंकताना सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात. ही थरथर जवळपास दीड मीटर लांब, गुंडाळलेल्या नळीतून पुढच्या फुललेल्या तोंडाशी पोहोचते, आणि तिथेच खरं नवल आहे. खालच्या पट्टीचा बहुतेक आवाज बाहेर पडतच नाही! नळी झपकन फाकते तिथून त्या लहरी माघारी फिरतात, ओठांपर्यंत येतात आणि पुढच्या थरथरीला ताल लावून देतात. सूर पक्का होतो तो यामुळे. साधारण १५०० हर्ट्झच्या वरच्या लहरी मात्र न अडता निसटतात. ट्रम्पेटची धार ती हीच. तोंड आणखी फाकवलं तर आवाज जास्त सुटेल, पण माघारी कमी येईल आणि वरचे सूर हाती लागणार नाहीत. तुतारीला तर भोकं नाहीत की कळा नाहीत. तिचे सगळे सूर या परतीच्या लहरींच्या आणि ओठांच्या जोरावरच निघतात.

मधली नळीही गप्प बसत नाही. ट्रम्पेटची नळी बऱ्याच लांबीपर्यंत एकाच रुंदीची असते. जोरात फुंकलं, की लहरीतला जास्त दाबाचा भाग किंचित वेगाने धावतो आणि लहर समोरून सहस्रकुंड धबधब्याच्या कड्यासारखी उभी होत जाते. मग सूर झणझणतो. ट्रॉम्बोनमध्ये तर या लहरीची चक्क शॉक वेव्ह होते, हे संशोधक हिर्शबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं. युफोनियम या पितळी वाद्याची नळी मात्र बरीच आधीपासून रुंदावत जाते. लहर पसरते, तिचा दाब उतरतो, म्हणून जोरात फुंकलं तरी सूर बराचसा गोल राहतो.

निसटलेल्या उंच लहरी सरळ पुढे जातात, खालच्या चहूकडे पसरतात. म्हणून बँडपुढे नाचणाऱ्यांना लखलखीत सूर मिळतो आणि मागे घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला बोथट. पटत नसेल तर पुढच्या वरातीत ट्रम्पेटवाल्याच्या समोरून मागे चालत जाऊन बघा.