उजेडाचा हिशेब

भिगवणची सकाळ

पुण्याहून सोलापूरला जाताना वाटेत भिगवण लागते. भीमा नदीवर उजनी धरण आहे. त्या धरणाचे पाणी मागे पसरत भिगवणच्या शिवारापर्यंत आले आहे. थंडीच्या दिवसांत या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. उंच पाय, लांब मान, वाकडी चोच आणि पंखांत लाल-गुलाबी रंग. कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात, कोणी फ्लेमिंगो.

पाखरे आली की त्यांच्यामागे माणसेही येतात. कोणी शाळामास्तर, कोणी बँकेतला कारकून, कोणी डॉक्टर. फोटो काढणे हा त्यांचा धंदा नव्हे. ती त्यांची हौस. आणि हौसेला मोल नसते! तिथले मच्छीमार त्यांना आपल्या होडीतून पाखरांजवळ नेतात. पूर्वी होडी मासे धरायला जाई. आता ती पाहुण्यांनाही नेते. घरात चार पैसे जास्त येतात.

समजा, अशाच एका होडीत शहरातल्या एक ताई बसल्या आहेत. त्यांच्या हातात भला मोठा कॅमेरा आहे.

"मामा, होडी जरा आणखी पुढं घ्या ना," ताई म्हणतात.

"नगं, ताई. हितनंच काढा. आणखी म्होरं गेलो तर पाखरं उठतील."

"पण फोटो मोठा येईल हो."

"फोटो मोठा यील, पर पाखरू उपाशी ऱ्हाईल की! लांबनं आलंय ते पोटासाठी."

ताईंना पटते. होडी थांबते. कॅमेरा कट् कट् कट् असा वाजतो. एका दमात वीस-पंचवीस फोटो! मामा बघतच राहतात.

"ताई, एवढं फोटो मावत्यात कुठं? आन् ह्यात रीळ घालावं लागत न्हाई व्हय?"

मामांचा प्रश्न मोठा मोलाचा आहे. चला, आपण त्याचे उत्तर शोधू.

अंगणातली भांडी

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मचे रीळ घालीत. बहुधा ३६ फोटो झाले की रीळ संपे. मग ते धुवायला द्यावे लागे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात रीळ नसते. त्या जागी एक लहानसा चौकोनी तुकडा असतो. त्याला सेन्सर म्हणतात.

सेन्सर काय करतो? एक चित्र डोळ्यांपुढे आणा. पाऊस पडतो आहे. अंगणात आपण ओळीने शेकडो भांडी मांडली आहेत. सगळ्यांवर झाकणे आहेत. आपण झाकणे क्षणभर काढली आणि पुन्हा लावली. आता प्रत्येक भांड्यात किती पाणी पडले ते मोजले आणि वहीत आकडे लिहिले. जिथे पाऊस जास्त, तिथला आकडा मोठा. जिथे झाडाचा आडोसा, तिथला आकडा लहान.

सेन्सरवर अशीच बारीक बारीक भांडी असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. त्यांत पाणी पडत नाही, उजेड पडतो. कॅमेरा प्रत्येक भांड्यातला उजेड मोजतो आणि आकडा लिहितो. साध्या फोटोत हा आकडा ० ते २५५ असतो. ० म्हणजे काळाकुट्ट अंधार. २५५ म्हणजे लख्ख उजेड.

मग रंग कसे येतात? भांड्यावर तांबडी, हिरवी किंवा निळी काच असावी, तशी सोय केलेली असते. तांबड्या काचेखाली तांबडा उजेड मोजला जातो, हिरव्या काचेखाली हिरवा. शेजारपाजारच्या भांड्यांचे आकडे पाहून कॅमेरा प्रत्येक जागेचा पुरा रंग ठरवतो. या तीन रंगांच्या मिश्रणातून सगळे रंग तयार होतात.

घरच्या बायका ठिपक्यांची रांगोळी काढतात. फोटोही ठिपक्यांचाच असतो. ठिपके इतके दाट असतात की ते वेगळे दिसत नाहीत. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. चांगल्या कॅमेऱ्याच्या एका फोटोत दोन कोटी ठिपके असू शकतात. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे. म्हणजे एका फोटोत सहा कोटी आकडे झाले!

असा पहिला कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या इंजिनियराने बनविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्याच्या फोटोत फक्त १०,००० ठिपके होते. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. तेवढ्या वेळात आजचा चांगला कॅमेरा दोनशेहून जास्त फोटो काढतो.

पळत्याला धरायचे कसे?

आता कबड्डीच्या मैदानावर चला. चढाई करणारा गडी विजेसारखा हलतो. आपण त्याचा फोटो काढतो, तर नुसता धुरकट पट्टा दिसतो. असे का होते? भांड्यावरचे झाकण फार वेळ उघडे राहिले. तेवढ्यात गडी पुढे सरकला. त्याचा उजेड चार ठिकाणी सांडला.

म्हणून झाकण फार थोडा वेळ उघडावे लागते. पळत्या गड्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग. उडत्या पाखरासाठी हजारावा भाग, कधी त्याहून कमी. पण झाकण थोडाच वेळ उघडले, तर उजेडही थोडाच पडणार. म्हणून या कामाला मोठ्या तोंडाचे भिंग लागते. मोठे भिंग जास्त उजेड गोळा करते. ते महाग असते आणि जडही असते. उजेड फारच कमी असला, तर कॅमेरा आकडे फुगवून फोटो उजळ करतो. मग फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात.

कबड्डीची एक चढाई ३० सेकंदांची. सेकंदाला १० फोटो काढले, तर एका चढाईचे ३०० फोटो झाले. त्यांतल्या एखाद्यातच गड्याचे बोट मध्यरेषेला टेकलेले दिसते. बाकीचे बहुतेक टाकून द्यायचे असतात. म्हणजे फोटो काढणे हे अर्धेच काम. निवडणे हे उरलेले अर्धे.

संगणकाचे काम

इथे संगणक मदतीला येतो. एक लहान संगणक कॅमेऱ्याच्या पोटातच असतो. तो आकडे मोजतो, रंग ठरवतो, फोटो नखाएवढ्या कार्डावर लिहून ठेवतो. अलीकडचे काही कॅमेरे तर पाखराचा डोळा स्वतः ओळखतात आणि भिंग त्यावर नेमके बसवतात. त्या संगणकाला आधी पुष्कळ फोटो दाखवून तसे शिकवलेले असते.

दुसरा संगणक घरी टेबलावर असतो. ताई घरी जाऊन कार्डावरचे फोटो त्यात उतरवून घेतात. वाईट फोटो काढून टाकतात. काळपट फोटो उजळ करतात. कडेचा नको तो भाग कापतात. सेन्सरने मोजलेले आकडे जसेच्या तसे ठेवले, तर त्या फोटोला रॉ म्हणतात. ती साळ समजा. ती जागा जास्त खाते. पण तिचा तांदूळ हवा तसा सडता येतो. तयार फोटो म्हणजे सडलेला तांदूळ. तो जागा कमी घेतो, पण तांदळाची पुन्हा साळ होत नाही.

संगणकाची खरी ताकद पाहायची, तर वाघांची गणती पाहा. हे हौशी लोकांचे नव्हे, सरकारी काम. पण कॅमेरा आणि संगणक त्याच जातीचे. २०१८ च्या गणतीत देशभर २६,८३८ ठिकाणी आपोआप चालणारे कॅमेरे लावले होते. जनावर समोरून गेले की फोटो निघे. असे ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो जमले. माणसाने दर सेकंदाला एक फोटो पाहिला आणि रात्रंदिवस झोप घेतली नाही, तरी ४०३ दिवस लागले असते!

संगणकाने आधी जनावरांप्रमाणे फोटो वेगळे केले. त्यांत वाघाचे ७६,६५१ फोटो निघाले. मग वाघांचे पट्टे एकमेकांशी ताडून पाहिले. आपल्या अंगठ्याचा ठसा दुसऱ्या कोणाशी जुळत नाही. वाघाचे पट्टेही तसेच. ते जुळवून पिल्ले सोडून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले. वाघाला हात न लावता त्याचा अंगठा घेतला म्हणा ना!

बियाणे एका कणगीत ठेवू नका

फोटो म्हणजे आकडे. आकड्यांची नक्कल हुबेहूब होते. हा मोठा फायदा आहे. पण कार्ड बिघडले किंवा मोबाइल पाण्यात पडला, की सगळे आकडे एका क्षणात जातात. शहाणा शेतकरी सगळे बियाणे एका कणगीत ठेवत नाही. लग्नाचे, लेकराबाळांचे, गेलेल्या वडीलधाऱ्यांचे फोटोही एकाच मोबाइलवर ठेवू नका. एक नक्कल संगणकावर ठेवा. दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. मनाला लागतील असे दोन-चार फोटो कागदावर छापून घ्या.

आकडा बदलता येतो

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आकडा लिहिता येतो, तसा तो बदलताही येतो. संगणकावर फोटोतली एक वस्तू काढता येते, दुसरी घालता येते. आता तर संगणक जनावर न पाहताच त्याचे खऱ्यासारखे चित्र तयार करतो.

समजा, मोबाइलवर बिबट्याचा फोटो आला. खाली लिहिले आहे, "काल रात्री, आपल्याच शिवारात." लोक घाबरतात. बाया खुरपणीला जाईनात. फोटो मात्र दुसऱ्याच मुलखातला, चार वर्षांपूर्वीचा असतो. पुढे खरोखर उसात बिबट्या शिरतो. तेव्हा लोक म्हणतात, "ह्या, असले फोटो रोजच येतात!" दहा खोट्या हाकांनंतर अकरावी खरी हाक कोणी ऐकत नाही. यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

म्हणून फोटो पुढे पाठविण्याआधी विचारा. हा कोणी काढला? कधी काढला? कुठे काढला? काढणारा माणूस भेटू शकेल का? कॅमेरा फोटोबरोबर तारीख आणि वेळ लिहून ठेवतो. मोबाइल पुष्कळदा जागाही लिहितो. पण हातोहात फिरत आलेल्या फोटोत ही नोंद बहुधा राहत नाही. म्हणून मूळ फोटो काढणाऱ्यालाच गाठावे. तो सापडला नाही, तर फोटो पुढे पाठवू नये. वनरक्षकाला मात्र दाखवावा.

बिबट्या खराच दिसला, तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. ताईंचे मोठे भिंग लांबचे जवळ आणते. आपल्या मोबाइलला ते जमत नाही, म्हणून माणूस पाय पुढे टाकतो. तिथेच घात होतो. पाखराच्या घरट्याजवळही जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी छेडणे हा गुन्हा आहे. दुर्मिळ जनावराचा फोटो मिळाला, तर त्याची नेमकी जागा चारचौघांत सांगू नका. शिकारीही तो फोटो पाहतो.

आपण अक्षरे शिकलो, तेव्हा कागदावर लिहिलेले सगळेच खरे नसते हे कळले. सही करण्याआधी वाचायला शिकलो. फोटोचेही तसेच आहे. तोही नुसता पाहायचा नसतो, वाचायचा असतो. आणि तो काढताना मामांचे बोल ध्यानात ठेवायचे. आपला फोटो मोठा व्हावा म्हणून पाखराला उपाशी उठवू नये.

सांगा पाहू

१. पळत्या गड्याचा फोटो धुरकट का येतो?
२. दोन वाघ वेगळे आहेत हे संगणक कशावरून ओळखतो?
३. तुमच्या घरातले जपून ठेवावे असे फोटो कोणते? त्यांची दुसरी नक्कल कुठे आहे?
४. मोबाइलवर बिबट्याचा फोटो आला, तर तुम्ही आधी काय विचाराल?