आमसुलाने वजन उतरते का?

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही विकरांविषयी बोलत होतो. मधल्या सुट्टीत एक बाई जवळ आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. बाटलीवर रातांब्यासारख्या फळाचे चित्र होते आणि आतल्या गोळ्यांनी चरबी कमी होते, असे छापलेले होते. बाई म्हणाल्या, “सर, मी या तीन महिने घेतल्या. तीन किलो उतरले. आता नववीतल्या दोन मुली विचारताहेत, आम्हीही घेऊ का? मला वाटतं, कोकमच तर आहे, अपाय काय होणार? पण सांगू काय त्यांना?”

या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. या फळात चरबी रोखणारे काही आहे का? बाईंचे वजन त्यामुळेच उतरले का? आणि स्वयंपाकघरातली वस्तू गोळीच्या रूपातही निर्धोकच असते का? वनौषधी तपासणाऱ्या कोणालाही हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की फसगत होते.

सालीत काय सापडले?

कोकणातला रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका. याचीच साल वाळवून आपण आमसूल करतो. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी याच कुळातली. तिचे आजचे शास्त्रीय नाव गार्सिनिया गमी-गुट्टा आणि जुने नाव गार्सिनिया कंबोजिया. बाजारातल्या बहुतेक गोळ्यांवर हे जुनेच नाव असते.

कुडमपुळीचा आंबटपणा नेमका कशाचा, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली दाखवले. सालीतले मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे. आमसुलातही तेच असते. लिंबातल्या सायट्रिक आम्लाच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी जास्तीची बसवली, की हा रेणू तयार होतो.

एवढ्याशा फरकाला महत्त्व का? आपण भात-भाकरी खातो, तिच्यातल्या पिष्टाची साखर होते. साखर गरजेपेक्षा जास्त झाली, तर पेशी तिच्यापासून मेद बनवू शकते. या वाटेवर एक नाका आहे. तंतुकणिकेतून बाहेर आलेल्या सायट्रेटचे एक विकर दोन तुकडे करते आणि त्यांतला एक तुकडा मेदाम्ले बांधण्यासाठी विटेसारखा वापरला जातो. हायड्रॉक्सीसायट्रेट दिसायला सायट्रेटसारखेच असल्याने ते विकराच्या खाचेत जाऊन बसते, आणि खऱ्या सायट्रेटला जागा उरत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तसेच हे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली हे दाखवले. पुढे १९७० च्या दशकात हे आम्ल उंदरांना देऊन पाहण्यात आले. त्यांच्या शरीरात मेद कमी बनू लागला, ते खाऊही कमी लागले आणि त्यांच्या वजनाची वाढ मंदावली.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आहे. या फळात मेद बनण्याची एक वाट अडवणारे काहीतरी नक्कीच आहे.

उंदीर आणि माणूस

पण आपण उंदीर नाही. अशा प्रयोगांत उंदरांना भरपूर साखर असलेला आहार देतात, त्यामुळे त्यांचा बराचसा मेद साखरेपासून बनतो. नेहमीचे मिश्र जेवण घेणाऱ्या माणसात साखरेपासून मेद बनण्याचे प्रमाण थोडे असते. आपल्या अंगावर चढणारी चरबी मुख्यतः जेवणातल्या तेल-तुपातून थेट येते. भात आणि साखर जास्त झाली, की शरीर आधी तीच जाळते आणि तेल-तूप शिलकीत टाकते. जो रस्ता आपण फारसा वापरतच नाही, तो अडवून वाहतूक किती कमी होणार? याचे उत्तर तर्काने मिळत नाही. माणसांवरच पाहावे लागते.

१३५ माणसांची चाचणी

हे काम न्यूयॉर्कमध्ये हेम्सफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांचा अहवाल १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. १३५ स्थूल स्त्री-पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. ६६ जणांना कुडमपुळीचा अर्क मिळाला, त्यातून रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल पोटात जात होते. उरलेल्या ६९ जणांना हुबेहूब तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या. कोणाला काय मिळते आहे, हे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यांनाही नव्हते. दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा, भरपूर तंतू असलेला एकसारखाच आहार सांगितला होता.

बारा आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलो उतरले!

मग अर्काने वजन वाढते म्हणायचे का? तसेही नाही. दोन्ही गटांत कोणाचे बरेच उतरले, कोणाचे जेमतेम. अर्कात कसलाच गुण-अवगुण नसला, तरी एवढा फरक निव्वळ योगायोगाने साधारण सातांत एकदा पडू शकतो. एवढ्यावरून कोणतीही बाजू घेता येत नाही. निष्कर्ष एवढाच, की अर्काचा उपयोग दिसला नाही.

या चाचणीवर आक्षेपही आले. तंतुमय आहारामुळे आम्ल नीट शोषले गेले नसेल, असे काहींनी म्हटले. विज्ञानात अशा आक्षेपाला उत्तर म्हणजे आणखी चाचण्या. २०११ साली इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठातील संशोधकांनी अशा ९ चाचण्यांचे आकडे एकत्र केले. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ०.८८ किलो जास्त उतरलेले दिसले. पण काटेकोर चाचण्याच तेवढ्या धरल्या, तर तोही फरक ठाम राहिला नाही.

बाईंचे तीन किलो

आम्ही बाईंना विचारले, “गोळ्या सुरू केल्यावर आणखी काही बदललेत का?” त्या म्हणाल्या, “सकाळी चालायला लागले. चहातली साखर बंद केली.” न्यूयॉर्कच्या नुसत्या गोळ्यांच्या गटाचे चार किलो असेच उतरले होते. औषध सुरू केले की माणूस स्वतःकडे लक्ष देऊ लागतो. शिवाय औषध घ्यावेसे वाटते, ते बहुधा वजन सर्वांत जास्त भरते तेव्हाच. तुलनेला दुसरा गट असल्याशिवाय या सगळ्यांतून गोळीचा वाटा वेगळा काढता येत नाही. बाई खोटे बोलत नव्हत्या. फक्त श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झाले होते.

‘कोकमच तर आहे’

आता तिसरा प्रश्न. आमटीतले आमसूल, सोलकढी, अंगावर पित्त उठल्यावर लावायचे आमसुलाचे पाणी, ही परंपरा खरीच. पण सालीचा तीव्र अर्क काढून तो महिनोन्‌महिने रोज घेणे, ही परंपरा नव्हे. जुन्या वापराने दिलेली सुरक्षिततेची हमी या नव्या वापराला आपोआप लागू होत नाही. २०२२ साली अमेरिकेतील यकृत-संशोधकांनी असा अर्क असलेली उत्पादने घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी अनेकांच्या गोळ्यांत हिरव्या चहाचा अर्कही होता, त्यामुळे दोष कोणाचा किती हे वेगळे काढणे कठीण असते. अशी इजा क्वचितच होते, हे खरे. पण समजा, एखादा अपाय दहा हजारांत एकालाच होत असेल, तर १३५ जणांच्या चाचणीत तो दिसणारच नाही. तो कळतो औषध बाजारात आल्यावर, आणि तेव्हा किंमत कोणीतरी मोजलेली असते.

परंपरा कोठे शोधावे ते सुचवते. सापडले की नाही, हे मात्र मोजूनच ठरते.

वर्गात करून पाहा

वर्गातल्या प्रत्येकाची उंची चिठ्ठीवर लिहून घ्या. (वजन विचारू नका. सगळ्यांसमोर वजन सांगावे लागणे मुलांना, विशेषतः मुलींना, फार लागते.) चिठ्ठ्या एकत्र मिसळा, न पाहता दोन समान ढीग करा आणि दोन्हींची सरासरी काढा. असे दहा वेळा करा. कोणालाही कसलेच औषध दिलेले नाही, तरी सरासरीत कधी अर्धा, कधी दोन सेंटिमीटरचा फरक पडलेला दिसेल. हा योगायोगाचा फरक. औषधाच्या नावावर फरक मांडायचा, तर तो याहून स्पष्टपणे मोठा हवा. मग एकदा मुलांना आपला ढीग स्वतः निवडू द्या. सगळे उंच एकीकडे जमले, तर काय होते? चिठ्ठ्या का टाकायच्या, हे वेगळे समजवावे लागणार नाही.

त्या दोन मुलींना काय सांगायचे, हे बाईंनीच ठरवले. वाढत्या वयात असल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि वजनाची खरोखर काळजी वाटत असेल तर आईबरोबर डॉक्टरांकडे जायचे. बाटली त्यांनी फेकली नाही. “विकरांचा धडा शिकवताना वर्गात दाखवीन,” म्हणाल्या. बाटलीचा याहून चांगला उपयोग आम्हालाही सुचला नसता.