ऊन पाणी

बोईसर स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला सातिवलीचा रस्ता विचारला, तेव्हा त्याने गाळणी झटकत उलटा सवाल केला, “तिथं काय आहे?” गरम पाण्याची कुंडं आहेत म्हटल्यावर तो हसला. “मग वज्रेश्वरीला जा ना भाऊ. तिथं देवी आहे, लॉज आहे, बटाटेवडा आहे.” सल्ला खोटा नव्हता. पालघर परिसरातल्या ऊन पाण्यापैकी जे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या वाट्याला आले ते सातिवली, हालोली, कोकनेर या गावांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्याकडे पाणी आहे, कथा नाही. मी तिकडे निघालो तो याच कारणाने.

आदल्या दिवशी केळवे-माहीमपासून समुद्र डावीकडे ठेवून तारापूरपर्यंत आलो होतो. सुरूची बने, ताडाच्या बागा, मध्येच सुक्या बोंबलांच्या वलांडी. तारापूरचा किल्ला आता गावात इतका मुरला आहे की तट आणि घराची भिंत यांत फरक करावा लागतो. जानेवारी 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पुढे मे महिन्यात वसई पडली आणि अप्पांनी वज्रेश्वरीला केलेला नवस फेडण्यासाठी देवीचे देऊळ बांधले, अशी परंपरा आहे. म्हणजे चहावाल्याने सांगितलेल्या देवीची वाट इतिहासात तारापूरवरूनच जाते.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर तारापूरचे दुसरे पाणी आहे, आणि तेही गरम. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर 1969 मध्ये वीज देऊ लागल्या. त्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. इंधनाभोवतीचे पाणी भट्टीतच उकळते आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. पुढे प्रत्येकी 540 मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या, 2005 आणि 2006 मध्ये. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आपल्याकडे ‘अणुशक्ती’ हा शब्द दबकून उच्चारतात, पण तिचे रोजचे काम म्हणजे पाणी तापवणे. त्यातही जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. उरलेली ऊब समुद्राचे पाणी अंगावर घेते आणि थोडे कोमट होऊन परत जाते. तिथे उष्णता हवी असते आणि पाणी हे तिचे वाहन. सातिवलीला काय असेल, याचा विचार करत मी बोईसरहून चिल्हार फाट्याकडे वळलो.

फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. कंटेनरच्या रांगा, ढाब्यांच्या पाट्या, मनोर मागे पडते. महामार्ग सोडून गावात शिरले की दोन मिनिटांत आवाज विरतो. भात कापून झालेली खाचरे, पेंढ्याची उडवी, कुडाची घरे आणि त्यांच्या शेजारी सिमेंटची. कुंडापाशी पाटी शोधत बसावे लागले नाही. डिसेंबरची सकाळ होती, वाफ दिसत होती. आणि धोपटण्याचा आवाज येत होता.

कुंड म्हणजे बांधून घेतलेला चौकोनी हौद. तळातून मधूनच बुडबुडे वर येतात. कडेला दोन बायका कपडे धूत होत्या, एक म्हातारी नुसतीच पाय सोडून बसली होती. मी घाईने हात घातला आणि तेवढ्याच घाईने काढला. म्हातारी म्हणाली, “एकदम नाही घालायचा. आधी पाय, मग गुडघा. पाण्याला ओळख द्यावी लागते.” मग तिने मला बाजूला, जिथे पाणी वाहून थोडे निवते तिथे, जागा करून दिली. ती जागा पाहुण्यांची असावी.

या पट्ट्यातल्या झऱ्यांचे पाणी साधारण पन्नास-साठ अंश सेल्सियसच्या घरात असते. हात काही क्षणच टिकतो. हौशी मंडळी अशा कुंडांत फडक्यात बांधून अंडी सोडतात आणि उकडली म्हणून खातात. अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायलाच साठाच्या वर तापमान लागते, तेव्हा खाणाऱ्याची श्रद्धा दांडगी म्हणायची. कोकणातले सर्वांत कढत झरे खेड-दापोलीकडच्या उन्हवऱ्याचे, सत्तर अंशांच्या आसपास. तिथे हा प्रयोग जमेल.

उन्हवरे. पालीजवळचे उन्हेरे. राजापूरचे उन्हाळे. चोपड्याकडचे उनपदेव, किनवटचे उनकेश्वर. जेवताना आपण ‘ऊन ऊन भात’ म्हणतो तोच हा ऊन, उष्ण या शब्दाचा झिजलेला, घरगुती झालेला अवतार. कोकणात ‘उन्हाळे’ म्हणजे थेट गरम पाण्याचा झरा. गंमत अशी की पालघरच्या गावांना हे नाव चिकटले नाही. इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी लोकांची वस्ती, आणि बोलण्यात साधे ‘गरम पाणी’. “गरम पाण्यावर चालले” एवढे म्हटले की घरच्यांना कळते.

कोकणातल्या झऱ्यांची माळ उत्तरेला कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर पसरली आहे. सुमारे अठरा ठिकाणे, सगळी सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, जवळजवळ एका रेषेत. भारतातल्या उष्ण झऱ्यांची पहिली मोठी यादी थॉमस ओल्डहॅम या भूवैज्ञानिकाने केली. ती 1882 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, मुलगा रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम याने संपादून प्रसिद्ध केली. याच मुलाने पुढे 1906 मध्ये भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या पोटात गाभा आहे असे दाखवले. बापाचे ऊन पाणी आणि मुलाचा गाभा. एकाच घराण्याने जमिनीला दोन्ही बाजूंनी कान लावला होता.

पाणी तापते कशाने? “खाली ज्वालामुखी आहे,” असे मला निदान चार जणांनी सांगितले, त्यातले दोन शिक्षक. सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा हे खरे, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात तो कधीच निवला. खरे कारण इतके नाट्यमय नाही. जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते, काही ठिकाणी अधिक. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून मुरत एक-दोन किलोमीटर खाली गेला, तापला आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आला, तर वाटेत पुरता निवत नाही. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या भेगांनी ही वर येण्याची वाट दिली आहे, म्हणून झरे रेषेत. हे पाणी मुळात पावसाचेच, हे त्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून ताडले गेले. चव किंचित खारट लागते, कारण सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड. ज्या गंधकाचे नाव प्रत्येक जण घेतो, तो इथला मुख्य घटक नव्हे.

या पाण्याचे वय मोजण्याची एक तऱ्हा तर थेट अणुयुगाने दिली. 1950-60 च्या दशकांत महासत्तांनी हवेत बॉम्ब फोडले, तेव्हा जगभरच्या पावसात ट्रिशियम वाढले. झऱ्यात ते सापडले तर पाणी तरुण, नाही सापडले तर बॉम्बच्या आधीचे. कुणाच्या पापाचा कुणाला असा उपयोग होईल, सांगता येत नाही.

आता तारापूरकडे परत येतो. पृथ्वीची आतली ऊब येते कुठून? काही भाग ती जन्मली तेव्हापासूनचा. उरलेला, अंदाजे निम्मा, युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या विघटनातून. जपानमधल्या कामलँड प्रयोगाने 2011 मध्ये पृथ्वीच्या पोटातून येणारे न्यूट्रिनो मोजून याला दुजोरा दिला. काळ्या बसाल्टमध्ये ही द्रव्ये कमी, त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये जास्त. कोयनेला संशोधनासाठी घेतलेल्या एका विंधणविवरात 933 मीटर बसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइट लागला. पालघरकडे बसाल्टचे पांघरूण आणखी जाड आहे. म्हणजे सातिवलीच्या हौदातल्या उबेतही युरेनियमचा वाटा आहे. तारापूरला त्याचा अणू फोडतात आणि काही वर्षांत इंधन जळून जाते. इथे तो आपसूक, कोट्यवधी वर्षांच्या संथपणाने झिजतो. पहिल्याला कुंपण आणि बंदूकधारी पहारा, दुसऱ्यात धुतलेल्या चादरी.

भेगांतून मुरणारे पाणी नेहमी इतके शहाणे नसते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे धुंदलवाडी परिसरात भूकंपांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी 2019 मध्ये एक धक्का चार रिश्टरच्या वर गेला. लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. खोल मुरलेल्या पाण्याने भेगांतला दाब वाढला असावा, अशी मांडणी काही अभ्यासकांनी केली. म्हातारीला विचारले, तेव्हा तिने धक्क्यांची आठवण काढली, पण पाण्याशी त्याचा संबंध जोडायला ती तयार नव्हती. “पाणी बिचारं काय करतं?”

चहावाल्याचे मन राखायला परतताना वज्रेश्वरीही केली. तानसेच्या काठची कुंडे, गणेशपुरीत 1961 मध्ये समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींचे स्थान, खरुज-सांधेदुखीवर आलेली माणसे. कढत पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात हे कुणाही आजीला ठाऊक असते. त्यापुढचे दावे मी ऐकून घेतले. बटाटेवडा मात्र खरोखर चांगला होता.

पण मन सातिवलीलाच राहिले होते. निघताना तिथे एक तरुण बाई स्टीलचा हंडा घेऊन आली. हौदात बुडवला, चुंबळीवर चढवला. “घरी न्यायचं?” मी विचारले. “बाळाची आंघोळ,” ती म्हणाली, “लाकडं वाचतात.” वाटेत पाणी डचमळून तिच्या खांद्यावर सांडले, तिने मान थोडी कलती केली आणि बांधावरून वाफ सोडत निघून गेली.